हेडबोर्डचं कापड दर उन्हाळ्यात ढिलं पडतंय? कापड बदलण्याआधी मागची फळी बघा

जुनं फर्निचर आणायचं, त्याच्या फळीवर फोम आणि कापड चढवायचं आणि पलंगाच्या डोक्याशी लावायला गुबगुबीत हेडबोर्ड करायचा, हे काम आता आमच्या लातुरात बऱ्याच घरांत होतं. दोन दिवसांत तयार होतो, दिसतोही छान. मग पहिला उन्हाळा जातो आणि मृग लागायच्या सुमारास तक्रार सुरू होते. कापड ढिलं पडलं, मधे झोळ आला, कोपऱ्यात चुण्या पडल्या. ओढून पुन्हा स्टेपल गनच्या पिना मारल्या की वर्षभर निभतं, पुढच्या उन्हाळ्यानंतर पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी लोक वैतागून कापडच बदलतात, आणि नवं कापडही तसंच ढिलं पडतं.

मी शिवणकाम करते, त्यामुळे हा प्रश्न घेऊन बायका माझ्याकडे येतात. उत्तर आधीच सांगून टाकते. दोष बहुतेक वेळा कापडाचा नसतो. ज्या फळीत पिना मारल्यात ती फळी पिना सोडून देते, आणि आपल्या भागात त्या फळीची वाट लावतो तो खोलीतला कूलर. हे मला कळायला चार उन्हाळे लागले.

माझा पहिला हेडबोर्ड २०१४ सालचा. क्लासच्या मुलांसाठी चालवलेलं एक होस्टेल बंद होत होतं, तिथून अभ्यासाचं लांब टेबल घेतलं. दोन मुलं शेजारी बसतील असं, पाच फूट बाय दोन फूट. पाय काढले, वरचा पाट तेवढा ठेवला. त्यावर दोन इंची फोम, वरून केसमेंटचं जाड सुती कापड, मागे पिनांची रांग. पलंगाला लावला तेव्हा कापडावर बोट आपटलं तर ढोलकीसारखा आवाज यायचा. २०१४ मधे फेब्रुवारीत केला आणि जूनमधे ढिला पडला. २०१५ मधे पुन्हा तेच. दोन्ही वेळा मी कापड ओढलं, आधीच्या पिनांच्या शेजारी नव्या पिना मारल्या.

मग २०१६ उजाडलं. त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पहिली गाडी १२ एप्रिलला आली. प्यायच्या पाण्याची मारामार, तिथे कूलरच्या टाकीत कोण ओतणार? कूलर अख्खा उन्हाळा कोरडा पडून होता, आम्ही ओल्या पंचाने अंग पुसून झोपायचो. जून आला आणि माझ्या लक्षात आलं की हेडबोर्ड तसाच आहे. कापड जागचं हललेलं नाही. तेव्हा मी त्याचा अर्थ लावला नाही, वाटलं, या वेळी पिना नीट बसल्या असतील. २०१७ मधे पाणी बरं होतं, कूलर पुन्हा खिडकीत आला, आणि जूनमधे कापडाला हातभर झोळ.

तेव्हा हेडबोर्ड उचलून गंजगोलाई बाजाराजवळच्या एका कुशनवाल्या चाचांकडे नेला. म्हटलं, चाचा, चांगलं न ताणणारं कापड द्या, हे बदलायचंय. त्यांनी हेडबोर्ड पालथा केला आणि मागची एक पिन नखाने उचलली. नखाने! पक्कड नाही, पेचकस नाही. पिनेच्या दोन्ही पायांना तांबूस भुगा चिकटून आला, गव्हाच्या कोंड्यासारखा. मग त्यांनी काठावरून अंगठा दाबत नेला. वरच्या काठाला, जिथे सनमायकाची पट्टी उचकटली होती, तिथे फळी फुगून जाड झाली होती आणि अंगठ्याखाली दबत होती. म्हणाले, “कापडाला कशाला नावं ठेवायलाव ताई? कापड बिचारं धरून बसलंय, फळीच सोडायलीय.”

तो पाट भुश्याचा प्लाय होता, म्हणजे पार्टिकल बोर्ड. लाकडाचा भुसा आणि चिकटद्रव्य दाबून केलेली फळी. वरून सनमायका असल्यामुळे ओळखू येत नाही. होस्टेलची टेबलं, स्वस्तातली कपाटं, टीव्हीची स्टँडं, बॉक्स पलंगांच्या बाजू, जुन्या बाजारात मिळणारं बरंचसं फर्निचर याच फळीचं असतं. लाकडात उभे धागे असतात, ते पिनेला आवळून धरतात. भुश्यात धागाच नाही. कोरडी आणि नवी असेपर्यंत पिन धरते. दमट हवा लागली की भुसा फुगतो, सुकला तरी पहिल्या जागी परत येत नाही, आणि पिनेभोवती पोकळी राहते.

आता कूलर. मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे तो रात्रभर चालतो आणि बऱ्याच घरांत खिडकी पलंगाच्या डोक्याशीच असते. दमट वारा आठ-नऊ तास हेडबोर्डवर आदळतो. दिवसा कूलर बंद, बाहेर चाळीस-बेचाळीस अंश, खोली खडखडीत कोरडी. म्हणजे फळी रोज रात्री ओल घेते आणि रोज दुपारी सुकते, असं सलग तीन महिने. पावसाळ्यात हवा दमट असते, पण निदान सारखी दमट असते. फळीचे हाल होतात ते या रोजच्या फुगण्या-सुकण्याने.

सुती कापड त्यात भर घालतं. बाजेवर पाणी शिंपडलं की सुतळी आवळते, हे गावाकडे सगळ्यांना ठाऊक आहे. सुताचा धागा ओला झाला की फुगतो आणि वीण आखडते. रात्री कापड आवळून पिना ओढतं, त्याच वेळी फळी मऊ झालेली असते, पिना केसभर वर येतात. दुपारी कापड सुकून सैलावतं, वर आलेल्या पिना काही खाली जात नाहीत. तुमचं कापड पॉलिएस्टरचं किंवा पॉलिएस्टर वेल्व्हेटचं असेल तर ते ओल जवळजवळ घेत नाही, त्यामुळे ओढ कमी असते, पण फळी सडायची ती सडतेच. म्हणून वेल्व्हेटवाल्यांना दोन वर्षं मिळतात, सुतीवाल्यांना एक.

माझी मोठी चूक पुन्हापुन्हा पिना मारण्याची होती. जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोकं पाडली की काठाजवळ भोकांची एक ओळच तयार होते, टपालाच्या तिकिटांमधली असते तशी. तिसऱ्या खेपेला काठाचा वीतभर तुकडा माझ्या हातात आला.

तुमच्या हेडबोर्डचं नेमकं काय झालंय हे चुणीवरून कळतं, उघडायच्या आधीच बघून घ्या. काठापासून निघून आत विरत जाणाऱ्या चुण्या असतील आणि मधेच एखाद्या जागी काठ फुगल्यासारखा दिसत असेल, तर पिना सुटल्यात, वर सांगितलेलाच प्रकार. काठ ताठ आहेत पण मधे झोळ आहे, तर फोम बसलाय. अंगठ्याने दाबा, दहापर्यंत मोजा आणि सोडा, खड्डा लगेच भरला नाही तर फोम गेला. एकाच कोपऱ्याकडून तिरप्या चुण्या निघतात आणि त्या पहिल्या दिवसापासून आहेत, तर कापड उरेब, म्हणजे धाग्याला तिरपं, ओढलं गेलंय, तिथे फक्त त्या बाजूच्या पिना काढून धागा सरळ करून मारल्या की काम होतं. आणि वर सैल, खाली पोट सुटलेलं, असं असेल तर आत जुन्या गादीचा कापूस भरलाय. उभ्या फळीवर कापूस थांबत नाही, हळूहळू खाली उतरतो. पिंजून घेतला तरी उतरतो. गोधडीसारखे टाके घालून तो जागच्या जागी बांधला तरच राहील, नाहीतर फोम वापरा.

आता दुरुस्ती. पिना सुटल्या असतील तर कापडाला हात लावायच्या आधी फळी तपासा. मागच्या बाजूने काठाला अंगठा दाबा, एखाद-दोन पिना पेचकसाने उचलून बघा. कोंडा आला, काठ फुगलेला असला, तर त्या फळीत पुन्हा पिन मारू नका. फळी फेकायचीही गरज नाही. मागून लाकडी पट्ट्यांची चौकट लावा आणि पिना त्या पट्टीत मारा.

पट्टी दीड इंच रुंद आणि पाऊण इंच जाड पुरते. लाकूड मऊ हवं. जुने वाडे पाडतात तिथलं सागवान स्वस्तात मिळालं म्हणून मी एकदा तेच वापरलं आणि पस्तावले. पन्नास-साठ वर्षं वाळलेल्या सागवानात हातातल्या स्टेपल गनची पिन शिरतच नाही, पाय वाकून वरच पसरतात. बाभळीचं तर नावच नको. मशिनरीच्या पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन लाकूड सगळ्यात सोयीचं, हलकं असतं आणि पिन घट्ट धरतं. पेटीतले जुने खिळे मात्र सगळे काढून घ्या, नाहीतर करवतीचे दात जातील.

पट्ट्या फळीच्या मागे चारही काठांना लागून ठेवायच्या आणि स्क्रू पुढच्या बाजूने घालायचे. हे उलटं वाटेल, पण स्क्रूची पकड लाकडात हवी, भुश्यात नको. फळी १८ मिलीमीटरची असेल तर सव्वा इंची स्क्रू घ्या, तो फळी ओलांडून लाकडात अर्धा इंच जातो आणि मागे बाहेर येत नाही. आधी ड्रिलने बारीक भोक पाडा. स्क्रूचं डोकं फळीत बुडलं पाहिजे, नाहीतर फोम घासून तिथेच फाटतो. फळी आणि पट्टीच्या मधे पांढरा फेव्हिकॉल लावून रात्रभर दाबून ठेवा. दर आठ इंचांवर एक स्क्रू पुरे. काठ पूर्ण निखळला असेल तर तेवढा तुकडा सरळ कापून टाका आणि पट्टी एक इंच आत घ्या, पुढून फोम ते झाकतो.

उघडे काठ बंद करणं तितकंच महत्त्वाचं आहे. सनमायकामधून पाणी जात नाही, ओल शिरते ती कापलेल्या कडांतून आणि जुन्या स्क्रूंच्या भोकांतून. भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवा आणि कडांना ऑइलपेंटचे दोन हात द्या. घरात उरलेला कुठलाही रंग चालतो, तो कुणाला दिसणार नाही. पेंट पुरा सुकल्याशिवाय फोम चढवू नका.

इथे एक अडचण हमखास येते. पट्टीमुळे मागची जाडी वाढली, त्यामुळे जुनं कापड चारही बाजूंनी पाऊण इंच कमी पडतं. कापड टाकून देऊ नका. काठाला मांजरपाटाची, म्हणजे साध्या कोऱ्या सुती कापडाची, चार इंची पट्टी शिवून घ्या. ती मागेच जाते, पुढून दिसत नाही, आणि पिना मांजरपाटात बसल्यामुळे वरच्या कापडाला भोकंही पडत नाहीत. नवं कापड घेणार असाल तर हिशेब असा: फोम दोन इंच, फळी आणि पट्टी मिळून दीड इंच, धरायला दोन इंच, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेपाच, आपण सहा धरू. पाच फूट बाय दोन फुटांच्या हेडबोर्डला ७२ बाय ३६ इंच कापड लागेल. सोफ्याचं कापड ५४ इंच पन्ह्याचं येतं, ते आडवं वापरलं तर दोन मीटरमधे काम होतं आणि जोड द्यावा लागत नाही. वेल्व्हेट आडवं वापरताना आधी फळीवर टाकून लांबून बघा, लव बाजूला वळते आणि रंग वेगळा दिसतो.

सुती कापड कापण्याआधी धुवा. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात १०० इंचांमागे तीन-पाच इंच सहज आटतं. रात्रभर भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मगच कात्री लावा. मांजरपाटही असाच धुऊन घ्यायचा.

फोम ३२ डेन्सिटीचा घ्या. जुन्या सोफ्याचा फोम वापरायचा असेल तर कडेचा तुकडा चिमटीत चुरून बघा, पिवळी पूड पडली तर तो भंगारात. चिकटवायला रबरी सोल्युशन लागतं, ते फोमला आणि फळीला दोन्हीकडे पातळ लावून हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मग दाबायचं. हे काम गच्चीवर किंवा अंगणात करा. सोल्युशनची वाफ पेट घेते, जवळ गॅस किंवा देवापुढचा दिवा अजिबात नको. लेकरांनाही लांब ठेवा.

फोमवर थेट वरचं कापड चढवू नका. आधी मांजरपाट ताणून मारा, मग वरचं कापड. फोम दाबून धरायची सगळी ओढ मांजरपाट घेतो, वरच्या कापडाला फक्त अंगावर बसायचं असतं. एवढ्या एका थराने फार फरक पडतो, आणि थोडे पैसे वाचवायला लोक नेमका तोच गाळतात.

पिना मारायचा क्रम सोडू नका. वरच्या काठाच्या मधोमध एक, समोर खालच्या काठाच्या मधोमध एक, मग डावी-उजवी. तिथून दोन्हीकडे कोपऱ्यांकडे सरकत जा, दर वेळी समोरासमोर ओढून. कोपरे सगळ्यात शेवटी. पिन काठाला समांतर, किंचित तिरपी बसली पाहिजे म्हणजे जास्त धागे पकडते. काठाला काटकोनात मारलेली पिन दोन धाग्यांच्या मधून निसटते. पिनेखाली जाड सुती नाडीची पट्टी धरली तर ओढ सगळीकडे सारखी वाटली जाते आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर नाडी ओढली की सगळ्या पिना एकदम उचलतात. लाकडी पट्टीत मारायला दहा मिलीमीटरची पिन घ्या.

हिमरूचं कापड वापरू का, असं दोघींनी विचारलं होतं. आपल्या संभाजीनगरचं नक्षीदार कापड आहे, मोह होतोच, मलाही झाला. पण हिमरूचा ताणा (उभा धागा) सुती, बाणा (आडवा धागा) रेशमी, आणि नक्षीचे मोकळे धागे मागे सुटलेले असतात. ते ताणलं की नक्षी वाकडी होते, पिन मारली की मोकळे धागे अडकून पुढे सुरकुती उमटते. त्याला मागून मांजरपाट शिवून घ्या आणि साध्या कापडाच्या मधोमध पट्ट्यासारखं बसवा. ओढ दोन्ही बाजूंच्या साध्या कापडावर राहील आणि हिमरू निवांत दिसेल.

एवढं करून कूलर तसाच डोक्याशी ठेवला तर पट्टी टिकेल, पण फळी आतून फुगतच राहील. पलंग वळवता येत असेल तर कूलरसमोर पाय येऊ द्या. नसेल तर कूलरच्या पात्या वर करा, वारा हेडबोर्डच्या वरून गेला पाहिजे. समोरची खिडकी किंवा दार उघडं ठेवा. खोली बंद असली तर दमट हवा आतच कोंडते, गारवाही येत नाही. पहाटे जाग आली की पंप बंद करून नुसता पंखा अर्धा तास चालू ठेवा, गवताच्या ताट्या सुकतात आणि खोलीही सुकते. कूलर थेंब उडवत असेल तर ताट्या बदला. बोअरच्या पाण्याचे ते थेंब वेल्व्हेटवर पांढरे डाग सोडतात, घासले तर लव मोडते. स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्याने टिपून घ्यायचे.

हेडबोर्ड भिंतीला चिकटवू नका. मागे चार कोपऱ्यांना इंचभर जाडीचे लाकडी ठोकळे लावा, हवा खेळती राहते. बाहेरून पाऊस लागणारी भिंत असेल तर हे केलंच पाहिजे.

ढिल्या कापडावर पाणी मारून ते तात्पुरतं ताठ करायचा उपाय बऱ्याच जणी सांगतात. कृपा करून करू नका. सुती कापड तासभर ताठ दिसतं, आणि तेवढ्यात फळीला आणखी पाणी पाजलं जातं. वेल्व्हेटवर गरम इस्त्री तर अजिबात नको, पॉलिएस्टर चकाकून बसतं ते कायमचं.

जुनं फर्निचर घेतानाच दोन गोष्टी बघून घेतल्या तर पुढचं बरंच टळतं. टेबल किंवा पलंग उलटा करून न रंगवलेली कड शोधा, भुसा दिसला की ती फळी पट्टीशिवाय वापरायची नाही, हे तिथेच ठरवा. लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पावडरीसारखी पूड दिसली तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या, तो किडा तुमच्या चौकटींत शिरेल. सांध्यांत काळे ठिपके असतील तर ढेकूण असू शकतात. नुसतं लाकूड असेल तर मे महिन्यात काळ्या प्लास्टिकमधे गुंडाळून गच्चीवर दोन-तीन दिवस उन्हात ठेवा. पन्नास अंशांच्या वरची धग फटीत आतपर्यंत पोचली तर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. अशा फर्निचरचा जुना फोम आणि जुनं कापड मात्र घरात आणूच नका.

माझ्या त्याच होस्टेलच्या टेबलाला चाचांच्या सांगण्यावरून २०१७ मधे पाइनची चौकट लावली. नंतर एकदाच, पहिल्या उन्हाळ्यानंतर, खालच्या काठाच्या पिना काढून कापड बोटभर ओढून घेतलं. फोम नवा असला की पहिल्या वर्षी तेवढं बसतोच, त्यात काही बिघाड नाही. त्यासाठी खालच्या काठाला कापड दोन इंच जास्त सोडून दुमडून ठेवा. खालची बाजू गादीमागे झाकलेली असते, त्यामुळे हेडबोर्ड न काढता, पलंग पुढे ओढून अर्ध्या तासात हे काम होतं.